जॉन कॅल्हून : आयात जकातीवरून संघराज्याला आव्हान देणारे उपराष्ट्राध्यक्ष

२८ डिसेंबर १८३२ रोजी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जॉन कॅल्हून यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. त्या देशाच्या इतिहासात उपराष्ट्राध्यक्षाने पद सोडण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांची मुदत संपण्यास जेमतेम नऊ आठवडे उरले होते; परंतु तेवढे थांबण्याची त्यांची तयारी नव्हती. दक्षिण कॅरोलायना या त्यांच्या राज्याने महिनाभरापूर्वी एक ठराव करून केंद्र सरकारची आयात जकात आपल्या हद्दीत रद्दबातल असल्याचे जाहीर केले होते. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी या कृतीला देशद्रोहाच्या पंक्तीत बसवले होते आणि चार्ल्सटन बंदरातील किल्ल्यांवर कुमक पोचू लागली होती. सिनेटचे अध्यक्षस्थान भूषविणाऱ्या उपराष्ट्राध्यक्षाला तेथील चर्चेत भाग घेता येत नाही. आपल्या राज्याची बाजू सभागृहात मांडता यावी म्हणून कॅल्हून यांनी ते उच्चासन सोडले आणि साधे सदस्य म्हणून ते सिनेटमध्ये दाखल झाले.

संघराज्यात परदेशी व्यापारावर कर बसवण्याचा अधिकार कोणाचा, आणि बहुसंख्य राज्यांनी संमत केलेला कर एखाद्या राज्याला अन्यायाचा वाटला तर त्या राज्यापुढे कोणता मार्ग उरतो, हा त्या वादाचा विषय होता. कॅल्हून यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर त्यांच्या देशाला गृहयुद्धाच्या वाटेवर घेऊन गेले. त्यांचे चरित्र पाहताना त्यांची तर्कशक्ती आणि ती ज्या हितसंबंधांच्या सेवेला जुंपली गेली ते हितसंबंध, या दोन्हींचा विचार करावा लागतो.

सीमेवरील बालपण

जॉन कॅल्हून यांचा जन्म १८ मार्च १७८२ रोजी दक्षिण कॅरोलायनाच्या अंतर्भागातील ॲबव्हिल परिसरात झाला. वडील पॅट्रिक कॅल्हून हे आयर्लंडच्या उत्तर भागातून लहानपणी अमेरिकेत आलेले शेतकरी होते. कष्टाने त्यांनी जमीनजुमला मिळवला, गुलाम विकत घेतले आणि राज्याच्या विधिमंडळातही स्थान मिळवले. नव्या राज्यघटनेला मान्यता द्यावी की नाही, हा प्रश्न पुढे आला तेव्हा पॅट्रिक यांनी विरोधी बाजू घेतली. दूरच्या राज्यांतील लोकांच्या हाती आपल्यावर कर बसवण्याचा अधिकार देणे त्यांना मान्य नव्हते. मुलाने पुढे मांडलेल्या सिद्धान्ताचे बीज वडिलांच्या या हट्टात शोधता येते.

जॉन चौदा वर्षांचे असताना वडील वारले आणि शिक्षण बाजूला ठेवून त्यांना शेतीचा कारभार पाहावा लागला. थोरल्या भावांच्या पाठबळावर ते पुन्हा अभ्यासाकडे वळले. मेहुणे मोझेस वॉडेल यांच्या शाळेत तयारी करून त्यांनी येल महाविद्यालयात प्रवेश मिळवला आणि १८०४ मध्ये पदवी घेतली. त्यानंतर कनेक्टिकटमधील लिचफील्ड येथे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. ते वकिलीत फार काळ रमले नाहीत. १८०८ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. १८११ मध्ये नात्यातील फ्लोराइड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी ते वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाचे सदस्य म्हणून दाखल झाले. सासरच्या संपत्तीमुळे मोठ्या मळेवाल्यांच्या वर्गात त्यांना पक्के स्थान मिळाले.

जकात केंद्राकडे का गेली

कॅल्हून ज्या राज्यघटनेवर आयुष्यभर वाद घालत राहिले, तिचा जन्मच व्यापारकराच्या भांडणातून झाला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या व्यवस्थेत काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. तिला राज्यांकडे पैशाची मागणी करावी लागे आणि राज्ये ती बहुधा पुरी करीत नसत. आयातीवर पाच टक्के जकात बसवण्याची मुभा काँग्रेसने १७८१ मध्ये मागितली, ती ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे मिळाली नाही. १७८३ चा दुसरा प्रयत्न न्यूयॉर्कच्या आडकाठीने फसला. न्यूयॉर्कसारखे मोठे बंदर हाताशी असलेले राज्य शेजारच्या न्यू जर्सी आणि कनेक्टिकटमधील लोकांकडून अप्रत्यक्षपणे जकात वसूल करीत होते. या कटकटींवर तोडगा काढण्यासाठी सप्टेंबर १७८६ मध्ये ॲनापोलिस येथे बैठक भरली. पाचच राज्यांचे प्रतिनिधी आले. परंतु त्यांच्या शिफारशीतून पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाची घटना परिषद साकार झाली.

नव्या घटनेने आयात जकातीचा अधिकार केंद्राकडे सोपवला आणि काँग्रेसच्या संमतीविना आयात-निर्यातीवर कर बसवण्यास राज्यांना मनाई केली. निर्यातीवर कर बसवण्याची मनाई केंद्रालाही होती. दक्षिणेकडील शेतमाल उत्पादक राज्यांना दिलेले ते आश्वासन होते. यानंतरची अनेक दशके केंद्राच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग बंदरांवरील जकात कचेऱ्यांतूनच येत राहिला. त्यामुळे जकातीचा दर किती असावा, हा वाद उठला की तो थेट सरकारच्या अस्तित्वाला भिडत असे.

राष्ट्रवादी तरुण नेता

प्रारंभीचे कॅल्हून हे राज्यांच्या हक्कांचे पुरस्कर्ते नव्हते. हेन्री क्ले यांच्यासह ते ब्रिटनविरुद्धच्या युद्धाचा आग्रह धरणाऱ्या तरुण सदस्यांच्या अग्रभागी होते. १८१२ च्या त्या युद्धाला आणि व्यापारावरील निर्बंधांना त्या वेळी विरोध होता तो ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या राज्यांचा. तेथील व्यापारी आणि जहाजमालक केंद्राच्या बंदीहुकमांनी मेटाकुटीला आले होते. १८१४ च्या अखेरीस हार्टफर्ड येथे भरलेल्या त्यांच्या परिषदेने राज्यांच्या अधिकारांची भाषा केली होती. संघराज्याच्या एकजुटीचा पक्ष तेव्हा कॅल्हून मांडत होते.

युद्ध संपताच स्वस्त ब्रिटिश माल अमेरिकी बाजारात ओतला जाऊ लागला आणि युद्धकाळात उभ्या राहिलेल्या गिरण्या डबघाईला आल्या. त्यांना तगवण्यासाठी १८१६ मध्ये संरक्षक जकातीचा कायदा झाला. सुती आणि लोकरी कापडावर २५ टक्के जकात बसवणाऱ्या या कायद्याचे कॅल्हून यांनी सभागृहात जोरकस समर्थन केले. देश पुन्हा युद्धात सापडला तर कारखाने आपले असावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी राष्ट्रीय बँकेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. बँकेकडून मिळणाऱ्या रकमेतून रस्ते आणि कालवे बांधण्याचे त्यांचे विधेयकही काँग्रेसने संमत केले. परंतु मार्च १८१७ मध्ये पदावरून उतरता उतरता राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी घटनात्मक कारण देऊन ते रोखले.

पुढे सुमारे सात वर्षे कॅल्हून राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांचे युद्धमंत्री होते. विस्कळीत झालेल्या या खात्याला त्यांनी शिस्त लावली आणि कार्यक्षम प्रशासक म्हणून नाव कमावले. राष्ट्राध्यक्षपदाची आकांक्षा त्यांनी लपवली नव्हती. १८२४ च्या निवडणुकीत त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदावर समाधान मानावे लागले. प्रथम जॉन क्विन्सी ॲडम्स आणि नंतर अँड्र्यू जॅक्सन, अशा परस्परविरोधी दोन राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दींत ते या पदावर राहिले.

कापसाचा प्रदेश आणि घृणास्पद जकात

दरम्यान दक्षिण कॅरोलायनाची आर्थिक स्थिती बिघडत चालली होती. १८१९ च्या मंदीत कापसाचे भाव कोसळले. वर्षानुवर्षे एकच पीक घेतल्याने जुन्या जमिनींचा कस उतरला होता, तर ॲलाबामा आणि मिसिसिपीच्या नव्या सुपीक जमिनींतून भरघोस कापूस बाजारात येत होता. मळेवाले आपापले गुलाम घेऊन पश्चिमेकडे निघून जात होते. अशा काळात १८२४ मध्ये जकातीचे दर वाढले आणि दुरवस्थेचे खापर फोडण्यासाठी एक ठळक कारण राज्याला सापडले.

हे गाऱ्हाणे निराधार नव्हते. दक्षिणेकडील मळेवाला आपला कापूस जागतिक बाजारभावाने लिव्हरपूलला विकत असे. मात्र कापड, लोखंड आणि अवजारे घेताना त्याला जकातीने वाढलेली किंमत मोजावी लागे. शिवाय ब्रिटनचा माल अमेरिकेत कमी खपला की ब्रिटनची कापूस विकत घेण्याची ऐपतही घटते, असे दक्षिणेकडील नेते सांगत. दक्षिण कॅरोलायनाचे काँग्रेस सदस्य जॉर्ज मॅक्डफी यांनी तर शंभर गाठींपैकी चाळीस गाठी जकातीपायी उत्तरेच्या घशात जातात, असा हिशेब मांडला. अर्थशास्त्राच्या कसोटीवर तो टिकणारा नव्हता, तरीही गावोगावच्या सभांत तो सर्वांच्या तोंडी झाला.

लोकरी मालावरील जकात वाढवणारे विधेयक फेब्रुवारी १८२७ मध्ये सिनेटपुढे आले असता मते समसमान पडली. निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्षाचे होते. कॅल्हून यांनी ते विधेयकाविरुद्ध टाकले आणि १८१६ ची आपली भूमिका त्यांनी जाहीरपणे मागे टाकली.

पुढच्या वर्षी दक्षिणेकडील सदस्यांचा एक डाव त्यांच्यावरच उलटला. कच्ची लोकर, ताग, लोखंड आणि काकवी यांवरही जबर जकात ठेवली तर कच्चा माल महागलेले न्यू इंग्लंडचे प्रतिनिधी स्वतःच विधेयक पाडतील, अशा हिशेबाने त्यांनी ते दर कमी करण्याचे प्रयत्न हाणून पाडले. प्रत्यक्षात न्यू इंग्लंडमधील पुरेशा सदस्यांनी तो बोजा स्वीकारला. विधेयक प्रतिनिधिगृहात १०५ विरुद्ध ९४ आणि सिनेटमध्ये २६ विरुद्ध २१ मतांनी संमत झाले आणि १९ मे १८२८ रोजी ॲडम्स यांनी त्यावर स्वाक्षरी केली. करपात्र मालावरील सरासरी जकात ६० टक्क्यांच्या आसपास गेली. विरोधकांनी या कायद्याला घृणास्पद जकातीचा कायदा म्हणून हिणवले आणि इतिहासातही तेच नाव रूढ झाले.

निनावी लेखक

१८२८ च्या उत्तरार्धात कॅल्हून यांनी आपल्या मळ्यावर बसून राज्याच्या विधिमंडळासाठी एक प्रदीर्घ निवेदन लिहिले. विधिमंडळाने ते डिसेंबरात छापले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. देशाचा उपराष्ट्राध्यक्ष केंद्रीय कायद्याला आव्हान देणारा दस्तऐवज लिहीत आहे, हे उघड होणे त्या वेळी परवडणारे नव्हते.

निवेदनातील मांडणी अशी होती. घटनेने काँग्रेसला जकात बसवण्याचा अधिकार दिला तो महसूल गोळा करण्यासाठी. एका प्रदेशाच्या कारखान्यांना दुसऱ्या प्रदेशाच्या खर्चाने पोसण्यासाठी तिचा वापर करणे घटनाबाह्य आहे. राज्यघटना हा सार्वभौम राज्यांनी आपसांत केलेला करार आहे आणि कराराचा भंग झाला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार करार करणाऱ्या प्रत्येक पक्षाला असतो. म्हणून एखादे राज्य आपल्या जनतेची खास परिषद बोलावून घटनाबाह्य कायदा आपल्या हद्दीत निरस्त ठरवू शकते. त्यावर इतर राज्यांना तो कायदा हवाच असेल तर तीन चतुर्थांश राज्यांच्या संमतीने त्यांनी घटनादुरुस्ती करावी. कॅल्हून यांच्या मते हा मार्ग फुटून निघण्याच्या धोक्यापासून संघराज्याचा बचाव करणारा होता.

या सिद्धान्तासाठी त्यांनी जेफर्सन आणि मॅडिसन यांनी १७९८ मध्ये केंद्राच्या दडपशाहीच्या कायद्यांविरुद्ध तयार केलेल्या ठरावांचा आधार घेतला. घटनेचे एक प्रमुख शिल्पकार मॅडिसन तेव्हा हयात होते. १८३० मध्ये त्यांनी जाहीर पत्राद्वारे या अन्वयार्थाचे खंडन केले. एकट्या राज्याला केंद्रीय कायदा निरस्त करण्याची मुभा मिळाली तर घटना प्रत्येक राज्यात वेगळी होईल, असे त्यांचे मत होते.

जकातीआडचा खरा प्रश्न

या वादामागे आणखी एक भीती दडलेली होती. १८३० च्या शिरगणतीनुसार दक्षिण कॅरोलायनाच्या सुमारे ५ लाख ८१ हजार लोकसंख्येपैकी सुमारे ३ लाख १५ हजार माणसे गुलाम होती. १८२२ मध्ये चार्ल्सटनमध्ये डेन्मार्क व्हिसी या मुक्त कृष्णवर्णीय सुताराने उठावाचा कट केल्याचा आरोप ठेवून त्याला आणि अनेक साथीदारांना फाशी देण्यात आले. त्यानंतर राज्याने कायदा केला की, बंदरात आलेल्या जहाजांवरील मुक्त कृष्णवर्णीय खलाशांना जहाज परत निघेपर्यंत तुरुंगात ठेवावे. परदेशी व्यापाराचे नियमन हा केंद्राचा विषय असल्याने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी १८२३ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवला. ते स्वतः चार्ल्सटनचेच होते. राज्याने तो निर्णय जुमानला नाही.

जकातीवर मनमानी अधिकार गाजवणारे केंद्र उद्या गुलामगिरीलाही हात घालील, ही धास्ती मळेवाल्यांच्या मनात होती. कॅल्हून यांनी सप्टेंबर १८३० मधील एका खासगी पत्रात याची कबुली दिली. जकात हे निमित्त आहे. दक्षिणेची विशिष्ट समाजव्यवस्था आणि तिच्यामुळे उरलेल्या देशाशी निर्माण झालेला हितविरोध हे मूळ कारण आहे, असा त्या पत्राचा आशय होता. सार्वजनिक व्यासपीठावर घटनेची आणि कराची चर्चा चालू असताना तिच्या मुळाशी काय आहे, याची त्यांना पूर्ण जाणीव होती.

जॅक्सन यांच्याशी फारकत

जॅक्सन हे दक्षिणेकडील आणि स्वतः गुलामांचे मालक असल्याने ते जकात उतरवतील, अशी कॅल्हून यांची अपेक्षा होती. ती लवकरच मावळली. जानेवारी १८३० मध्ये सिनेटमध्ये दक्षिण कॅरोलायनाचे रॉबर्ट हेन आणि मॅसॅच्युसेट्सचे डॅनिएल वेब्स्टर यांच्यात संघराज्याच्या स्वरूपावर ऐतिहासिक वादविवाद झाला. अध्यक्षस्थानी बसलेले कॅल्हून आपलाच सिद्धान्त हेन यांच्या तोंडून ऐकत होते. एप्रिलमध्ये जेफर्सन यांच्या जयंतीच्या भोजनसमारंभात जॅक्सन यांनी संघराज्याच्या रक्षणासाठी पेला उंचावला, तेव्हा कॅल्हून यांनी आपल्या शुभेच्छेत स्वातंत्र्याला पहिले आणि संघराज्याला त्यानंतरचे स्थान दिले. उपस्थितांना दोघांमधील दरी स्पष्ट दिसली.

त्यात वैयक्तिक कटुतेची भर पडली. जॅक्सन यांनी सेनापती असताना १८१८ मध्ये फ्लोरिडात केलेल्या स्वारीबद्दल त्यांच्यावर कारवाई व्हावी, असे मत कॅल्हून यांनी त्या वेळी मंत्रिमंडळात मांडले होते. ही गोष्ट १८३० मध्ये जॅक्सन यांना समजली. मंत्री जॉन ईटन यांच्या पत्नीवर वॉशिंग्टनच्या प्रतिष्ठित कुटुंबांनी टाकलेल्या सामाजिक बहिष्कारात फ्लोराइड कॅल्हून अग्रभागी होत्या, याचाही राष्ट्राध्यक्षांना राग होता. राष्ट्राध्यक्षपदाचा वारसा मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्याकडे जाणार हे दिसू लागले. जुलै १८३१ मध्ये कॅल्हून यांनी आपल्या फोर्ट हिल या मळ्यावरून निवेदन प्रसिद्ध करून निरसनाच्या सिद्धान्ताचे पितृत्व उघडपणे स्वीकारले.

चार्ल्सटनचा पेचप्रसंग

जुलै १८३२ मध्ये काँग्रेसने जकातीचे दर काहीसे उतरवले, तथापि संरक्षणाचे तत्त्व कायम राहिले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत दक्षिण कॅरोलायनात निरसनवाद्यांना दोन तृतीयांश बहुमत मिळाले. राज्याची खास परिषद कोलंबिया येथे भरली आणि २४ नोव्हेंबर रोजी तिने १३६ विरुद्ध २६ मतांनी निरसनाचा ठराव संमत केला. त्यानुसार १८२८ आणि १८३२ चे जकात कायदे १ फेब्रुवारी १८३३ पासून राज्यात लागू राहणार नव्हते. ठरावाशी निष्ठेची शपथ अधिकाऱ्यांवर बंधनकारक झाली, या वादांत केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यास बंदी घातली गेली आणि बळाचा वापर झाल्यास राज्य संघराज्यातून बाहेर पडेल, असा इशारा दिला गेला. हेन हे गव्हर्नर झाले आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या सिनेटमधील जागेवर कॅल्हून यांची निवड झाली.

जॅक्सन यांनी १० डिसेंबरला घोषणापत्र काढून राज्याचा दावा धुडकावला. संघराज्य हे जनतेचे आहे, ते राज्यांचा सैल करार नाही आणि शस्त्रबळाने फुटणे म्हणजे देशद्रोह, असे त्यांनी बजावले. घोषणेबरोबर त्यांनी व्यावहारिक तयारीही केली. जनरल विनफील्ड स्कॉट यांना चार्ल्सटनला धाडण्यात आले. राज्यातील अल्पसंख्य संघनिष्ठ गटाचे नेते जोएल पॉइनसेट राष्ट्राध्यक्षांना बित्तंबातमी पुरवत होते. दुसरीकडे हेन यांनी सुमारे २५ हजार स्वयंसेवक उभे केले. इतर कोणतेही दक्षिणी राज्य मात्र निरसनाच्या बाजूने उभे राहिले नाही.

वसुलीच्या रीतीतही डावपेच होते. आयातदार तेव्हा जकात रोखीने न भरता हमीपत्र देऊन माल सोडवीत. ते पैसे नाकारणाऱ्या व्यापाऱ्याला राज्यातील ज्यूरी दोषी धरणार नाही आणि जप्त झालेला माल राज्याची न्यायालये परत मिळवून देतील, अशी निरसनवाद्यांची योजना होती. तिला उत्तर म्हणून जॅक्सन यांनी जानेवारीत काँग्रेसकडे नवे अधिकार मागितले. जकात कचेरी किल्ल्यात किंवा जहाजावर हलवावी, तेथे जकात रोखीने घेऊनच माल सोडावा, असे खटले केंद्रीय न्यायालयात चालवावेत आणि गरज पडल्यास सैन्य वापरावे, अशा त्यात तरतुदी होत्या. पहिली गोळी झाडण्याचा दोष राज्याच्या माथी जावा, अशी ही चतुर आखणी होती.

तडजोड

फेब्रुवारीच्या मध्यावर कॅल्हून यांनी सिनेटमध्ये दोन दिवस बळवापर विधेयकाविरुद्ध भाषण केले. वेब्स्टर यांनी त्यांना उत्तर दिले. पडद्याआड मात्र निराळ्या हालचाली सुरू होत्या. संरक्षक जकातीचे प्रमुख पुरस्कर्ते हेन्री क्ले यांनी १२ फेब्रुवारीला तडजोडीचे विधेयक मांडले होते आणि कॅल्हून यांनी त्याला पाठिंबा दिला होता. २० टक्क्यांवरील जकात दर दोन वर्षांनी थोडी थोडी घटवत न्यावी आणि १८४२ च्या मध्यापर्यंत सर्व दर २० टक्क्यांवर आणावेत, असा तो तोडगा होता. कारखानदारांना सावरायला नऊ वर्षे मिळाली आणि दक्षिणेला जकात उतरण्याची हमी.

बळवापर विधेयकाच्या मतदानावेळी कॅल्हून आणि त्यांचे सहकारी सभागृहाबाहेर पडले. विरोधात एकच मत नोंदले गेले, ते व्हर्जिनियाचे जॉन टायलर यांचे. २ मार्च १८३३ रोजी जॅक्सन यांनी दोन्ही विधेयकांवर स्वाक्षरी केली. दक्षिण कॅरोलायनाने १ फेब्रुवारीची मुदत आधीच पुढे ढकलली होती. जहाल सहकारी तडजोड झुगारतील या भीतीने कॅल्हून खडतर प्रवास करून घाईने कोलंबियाला पोचले. १५ मार्चला परिषदेने निरसनाचा ठराव मागे घेतला. तीन दिवसांनी तिने बळवापराचा कायदा निरस्त ठरवला. अंमलबजावणीचा प्रसंगच उरला नसल्याने त्या कृतीला कागदापलीकडे अर्थ नव्हता. दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा केला. जकात उतरली होती. परंतु एकट्या राज्याला कायदा निरस्त करता येतो, हे कोणीही मान्य केले नव्हते.

सिद्धान्ताची परीक्षा

यानंतरच्या सतरा वर्षांत कॅल्हून यांची बुद्धी अधिकाधिक गुलामगिरीच्या समर्थनात खर्ची पडली. १८३७ मध्ये सिनेटमध्ये त्यांनी ही प्रथा समाजहिताची असल्याचे प्रतिपादन केले. आधीच्या पिढीतील अनेक दक्षिणी नेते तिला निदान अपरिहार्य दुष्टप्रथा म्हणत असत. १८४४-४५ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना टेक्सासच्या विलीनीकरणासाठी त्यांनी प्रयत्न केले, त्यामागेही गुलामगिरीच्या रक्षणाचा हेतू होता.

बहुसंख्यांच्या जोरावर चालणाऱ्या राज्यात अल्पसंख्य हितसंबंधांना नकाराधिकार असावा, प्रत्येक प्रमुख हितसंबंधाच्या संमतीनेच निर्णय व्हावेत, हा विचार त्यांनी आपल्या शासनविषयक ग्रंथांत मांडला. हे ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक आजही ते वाचतात. परंतु अल्पसंख्य म्हणून त्यांनी ज्यांची कैफियत मांडली ते मळेवाले होते. त्यांच्याच राज्यातील निम्म्याहून अधिक जनतेला त्या संमतीत कोठेही स्थान नव्हते.

४ मार्च १८५० रोजी कॅल्हून अखेरचे महत्त्वाचे भाषण घेऊन सिनेटमध्ये आले. क्षयाने ते इतके खंगले होते की भाषण व्हर्जिनियाचे जेम्स मेसन यांनी वाचून दाखवले. पळून गेलेले गुलाम उत्तरेकडील राज्यांनी परत केलेच पाहिजेत, ही त्यातील एक मागणी होती. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याने केंद्राला उत्तरेकडील राज्यांच्या हद्दीत घुसून असे गुलाम पकडण्याचे व्यापक अधिकार दिले. तेव्हा विस्कॉन्सिनसारखी राज्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवू लागली आणि दक्षिणेकडील नेते केंद्राच्या सर्वोच्चतेचा आग्रह धरू लागले. राज्याच्या हक्काचा सिद्धान्त ज्याच्या सोयीचा त्याने उचलावा, अशी त्याची गत झाली.

३१ मार्च १८५० रोजी वॉशिंग्टनमध्ये कॅल्हून यांचे निधन झाले. चार्ल्सटनच्या सेंट फिलिप चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले.

मृत्यूनंतर

दहा वर्षांनी, २० डिसेंबर १८६० रोजी, दक्षिण कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले. १८५७ च्या कायद्याने जकात तोवर बरीच खाली आली होती. फुटण्याची कारणे सांगणाऱ्या राज्याच्या निवेदनात जकातीचा उल्लेख नव्हता. गुलामगिरीला उत्तरेकडून असलेला विरोध हाच त्याचा मुख्य विषय होता. १८३० मधील खासगी पत्रात कॅल्हून यांनी ओळखलेले मूळ कारण असे उघड्यावर आले. फुटीर राज्यांनी आपली घटना लिहिताना संरक्षक जकातीला बंदी घातली आणि गुलामगिरीला स्पष्ट संरक्षण दिले. चार वर्षांच्या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे बळी पडली आणि गुलामगिरी कायमची संपली.

त्या युद्धाचे पडसाद भारतातही उमटले. अमेरिकी कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाल्याने मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाचे भाव भडकले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईतील सट्टेबाजार कोसळला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला गुलामगिरी हा ग्रंथ कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

भारताची राज्यघटना घडवताना हा इतिहास समोर होता. घटनेचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्पष्ट केले की, भारतीय संघराज्य हे घटकांमधील कराराचे फलित नाही आणि म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही. हीच गोष्ट सिद्ध करण्यासाठी अमेरिकेला यादवी युद्ध लढावे लागल्याची आठवणही त्यांनी करून दिली. आयात-निर्यातीवरील शुल्क भारतात केंद्राच्या सूचीत आहे. देशांतर्गत व्यापारावरील वस्तू आणि सेवा कर २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा त्यासंबंधीच्या परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश, सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन देण्यात आले आणि निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमताची अट घालण्यात आली. त्यामुळे केंद्राला एकट्याने निर्णय लादता येत नाही आणि केंद्राला वगळून राज्यांनाही तो घेता येत नाही.

येल विद्यापीठाने २०१७ मध्ये आपल्या एका महाविद्यालयाला असलेले कॅल्हून यांचे नाव काढून टाकले. चार्ल्सटनच्या मॅरियन चौकातील उंच स्तंभावरचा त्यांचा पुतळा जून २०२० मध्ये उतरवण्यात आला. फोर्ट हिलचा मळा आता क्लेमसन विद्यापीठाच्या परिसरात आहे आणि कॅल्हून यांचे घर तेथे जतन केलेले आहे. ज्या मेजावर त्यांनी राज्यांच्या स्वातंत्र्याची कैफियत रचली, त्या मळ्याचे उत्पन्न गुलामांच्या श्रमावर उभे होते. त्यांनी विचारलेला प्रश्न संघराज्यांपुढे आजही आहे; त्यांनी दिलेले उत्तर मात्र त्या माणसांच्या हिशेबात अपुरे ठरले.